एक फोडायला, एक ठेवायला

मिस्त्रींच्या घरात विजेची वस्तू कधी एकटी आली नाही. बल्बचा होल्डर असो, इस्त्रीची वायर असो, नाहीतर सुनेच्या फोनचा चार्जर असो, आला की जोडीनंच आला. एक फोडायला आणि एक ठेवायला. पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करण्यात, त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळण्यात माणसाची चाळीस वर्षं गेलेली. वरून चकचकीत दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात लोक काय काय दडवतात, ते त्यांनी इतकं पाहिलं होतं की बंद वस्तूवर त्यांचा काडीचाही विश्वास उरला नव्हता. म्हणून दोन्हींपैकी एकीला बाकावर न्यायचं, वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचं, हॅकसॉनं, लोखंड कापायच्या करवतीनं, दोन तुकडे करायचे आणि आतला सगळा ऐवज भिंगाखाली धरायचा. मनासारखं निघालं तर दुसरी वापरायला काढायची. नाही निघालं तर दोन्ही कचऱ्यात.

कुठली फोडायची हे मात्र ते स्वतः ठरवत नसत. ते काम बायकोचं. तिनं डोळे मिटायचे, दोन्ही वस्तू पाठीमागे नेऊन हात अदलाबदल करायचे आणि एक पुढे धरायची. आपण निवडायला गेलो तर चांगली दिसणारी ठेवून घ्यायचा मोह होईल, असं मिस्त्रींचं म्हणणं.

"बरं झालं मला जुळी बहीण नव्हती," बायको म्हणायची. "नाहीतर लग्नाआधी तिला फोडून बघितलं असतंत."

"तुला तरी कुठं ठेवली असती?" मिस्त्री म्हणायचे, आणि दोघंही हसायची. हा विनोद तीस वर्षं जुना होता, पण अजून चालत होता.

बायको टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेली. गल्लीत तिला सगळे पार्सलबाईच म्हणत. खिडकीवर आलेला डबा नुसता हातात घेऊन ती वजन सांगायची, मग काट्यावर ठेवायची, आणि काटा बहुतेक वेळा तिच्याच बाजूनं बोलायचा. निवृत्तीनंतर या कलेचा उपयोग बाजारात भाजीवाल्यांना घाम फोडण्यापुरताच उरला होता.

आता खरी गोष्ट. त्यांची लेक परदेशात, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिनं आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. शनिवारचं तिकीट. लेकीच्या घरात जास्तीची खाट एकच, आणि बाळंतिणीच्या खोलीत मिस्त्रींचं काय काम, म्हणून ते मागेच राहणार होते. अडचण एकच होती, पण ती जिवाशी गाठ घालणारी होती. पार्सलबाईंचा झोपेत श्वास थांबायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी निदान केलं आणि तेव्हापासून उशाशी श्वासाचं मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला मशीन. एकही झोप त्याच्याशिवाय घ्यायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. झोप नीट झाली की सकाळी मशीनच्या छोट्या पडद्यावर एक हसरा चेहरा उमटायचा. मिस्त्री रोज उठल्यावर चहाच्या आधी तो चेहरा बघून यायचे. आपण खिडकी उघडायला येतो असं बायकोला वाटतं, अशी त्यांची समजूत.

मशीन दोन्हीकडच्या विजेवर चालणारं होतं. प्रश्न फक्त भिंतीतल्या भोकांचा. तिकडच्या भोकांचा आकार वेगळा, त्यात आपला प्लग बसायचा नाही. प्लग कापून तिकडचा लावणं मिस्त्रींना चुटकीसरशी जमलं असतं, पण मशीन भाड्याचं, वायर त्यालाच कायमची जोडलेली आणि प्लगवर कंपनीचं सील. लेकीनं तिकडे चार दुकानं पालथी घातली. तिथे सगळे अडॅप्टर त्यांच्या लोकांना बाहेर जाण्यासाठी, बाहेरून आत येणाऱ्यासाठी एक नाही. इथल्या बाजारातही तीच रड. शेवटी ऑनलाइन मागवायचं ठरलं.

सून फोन घेऊन सासऱ्यांच्या शेजारी बसली. "बाबा, हा बघा. दीडशे देशांत चालतो. दांड्या सरकवायच्या आणि हवा तो प्लग बाहेर काढायचा. स्वस्त पण आहे."

"अर्थिंगची पिन कुठंय?"

सुनेनं फोटो मोठा केला. अर्थिंगची पिन नव्हती.

"दीडशे देश फिरतो आणि जमिनीला पाय लावत नाही," मिस्त्री म्हणाले. "पुढचा."

पुढचा, त्याच्या पुढचा, असं करत दोन संध्याकाळी गेल्या. सुनेच्या नाकी नऊ आले. एकाला फ्यूज नाही. एकावर किती अँपिअर ते लिहिलेलंच नाही. एकाला आतली झडप नाही, म्हणजे पोरानं भोकात तार घातली की संपलंच. अभिप्राय वाचण्याचीही मिस्त्रींची तऱ्हा वेगळी. पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे, दोघांवरही त्यांचा राग. "हा लिहितो, 'मस्त आहे, कालच मिळाला.' कालच मिळाला तर आज मस्त कसा?" ते फक्त तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचत. तीन तारे देणारा माणूस वस्तू वापरून, विचार करून, मग लिहितो, असं त्यांचं मत.

अखेर एक पसंत पडला. एकाच प्रकारच्या भोकांसाठी, अर्थिंगची जाड पिन, फ्यूज, झडप, सगळं जागच्या जागी. किंमत ना फार कमी ना फार जास्त. सुनेनं न विचारताच दोन मागवले. या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती.

सोमवारी पार्सल आलं. एकाच खोक्यात दोन डब्या, दोन्हींवर कंपनीचं तेच नाव, तीच चमकणारी चिकटपट्टी. पार्सलबाईंनी डोळे मिटून जाड पुठ्ठ्याच्या डब्यांसकटच हात अदलाबदल केले आणि उजवा पुढे केला. मिस्त्री तो घेऊन मागच्या खोलीतल्या बाकाशी गेले.

हॅकसॉचं पातं कवचात शिरलं तेव्हाच त्यांच्या हाताला काहीतरी वेगळं जाणवलं. प्लास्टिक चिवट होतं, कडकड तुटत नव्हतं. शिवणीवरून हळूहळू कापत ते आतपर्यंत पोचले, दोन्ही अर्धुकं अलग केली, दिवा खाली ओढला आणि भिंग डोळ्याला लावलं. 

आत पितळ होतं. पत्र्याचं पिवळं सोंग नव्हे, जाड, घट्ट, खरं पितळ. प्रत्येक पट्टी वळणाशी गोलाईनं वाकवलेली, कुठे चीर नाही. सांधे नुसते चिकटवलेले नव्हते, रिव्हेट ठोकून बसवलेले. पांढरी झडप एवढीशी, तिच्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग. मिस्त्रींनी टाचणीनं ती दाबली आणि सोडली, ती न चुकता जागेवर आली. शंभर वेळा दाबली असती तरी आली असती. आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, जे एकदा बंद झाल्यावर जगात कुणाच्याही नजरेला पडणार नाही अशा जागी, निळ्या शाईचा शिक्का होता. एक आकडा. एक्केचाळीस.

"अगं, इकडे ये," मिस्त्रींनी हाक मारली. "लवकर ये."

पार्सलबाई ओले हात पुसत आल्या. त्यांनीही तुकडे हातात घेऊन भिंगातून पाहिलं. "एक्केचाळीस म्हणजे?"

"म्हणजे माणूस. झाकण लावायच्या आधी कुणीतरी हे बघितलं, डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि मग आपला आकडा मारला. कुणासाठी मारला? हे उघडणार कोण होतं?"

पार्सलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. असं का व्हावं, हे पार्सलबाईंना सांगायची गरज नव्हती. मिस्त्रींनी आयुष्यभर प्रत्येक मोटारीच्या शेवटच्या वेटोळ्यात, व्हार्निश ओतायच्या आधी, लाल दोऱ्याची एक गाठ मारली होती. काम आपल्या मनासारखं झालं तरच गाठ, नाहीतर वेटोळं उसवून पुन्हा. वरून व्हार्निश बसलं की गाठ दिसत नसे. शेजारचे दुकानदार टिंगल करायचे, "न दिसणारी सही कशाला करता?" मिस्त्रींना कधी उत्तर देता आलं नाही. सत्तरी जवळ आली तेव्हा त्यांना वाटायला लागलं होतं, आपण एकटेच वेडे. आणि आज एका साबणाच्या वडीएवढ्या वस्तूत त्यांना दुसरा वेडा सापडला होता.

त्या दिवशी त्यांनी ते अर्धुक सुनेला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, लेकीला फोनवर दाखवलं. लेक म्हणाली, "बाबा, मला नुसता निळा ठिपका दिसतोय." तरी त्यांनी पंधरा मिनिटं समजावलं. एवढे भारावले होते की दुसऱ्या अडॅप्टरवर नजरही टाकली नाही. तो डबीसकट कपाटात गेला. फोडलेला पास झाला होता. पद्धतीनुसार काम संपलं होतं.

बुधवारी सकाळी पार्सलबाई सामान भरायला बसल्या. बाळाचे लोकरीचे मोजे, लेकीचे कपडे, मशीन, नळी, मास्क. सगळ्यात शेवटी त्यांनी कपाटातून अडॅप्टर काढला, डबी फेकली आणि तो हातात घेतला. हात तसाच हवेत राहिला.

"अहो," त्या म्हणाल्या. "हा हलका आहे."

"कशापेक्षा हलका?"

"त्या फोडलेल्यापेक्षा."

मिस्त्री हसले. "त्याचे दोन तुकडे झालेत. हातात दोन तुकडे घेतले की जड वाटणारच."

"तीस वर्षं मी काय झोपा काढल्या खिडकीवर?" पार्सलबाई उठल्या, स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन आल्या. फोडलेल्याचे दोन्ही तुकडे आणि सुटे भाग त्यांनी एका वाटीत घातले, अगदी कापताना पडलेला भुगाही कागदावरून झटकून टाकला. शहात्तर ग्रॅम. वाटीचं वजन वजा करूनच. मग ते काढून अख्खा अडॅप्टर ठेवला. त्रेपन्न.

मिस्त्रींनी आकडा दोनदा वाचला. त्यांनी अडॅप्टर उचलला आणि बाकाशी गेले. पातं लावलं तर कवच बिस्किटासारखं कडकन तुटलं. आत पातळ पत्रा, वरून पिवळा रंग. फ्यूजच्या जागी फ्यूजसारखी दिसणारी नळी, आणि ती पोकळ. तिच्या आतून एक साधी तार आरपार ओवलेली. अर्थिंगची जाड पिन कशालाच जोडलेली नव्हती, नुसती शोभेला. झडप होती, पण तिच्यामागे स्प्रिंग नव्हती. झाकणाच्या आत काहीही लिहिलेलं नव्हतं.

त्याच नावाची डबी, तीच चिकटपट्टी. सुनेनं फोनवर शोधून काढलं: त्या वस्तूखाली दोन विक्रेते होते, एक कंपनीचा आणि एक कुणीतरी भलताच, आणि गोदामात दोघांचा माल एकाच खणात पडत होता. दोघांचा एकेक यांच्या वाट्याला आला होता.

मिस्त्री बाकाशेजारच्या स्टुलावर बसले. त्यांना डोळ्यांसमोर ती लांबची खोली दिसत होती, बायको झोपलेली, आणि भिंतीत हा पत्रा तापत चाललेला. पण त्याहून खोल काहीतरी हललं होतं. त्यांनी खरा फोडला होता आणि खोटा राखून ठेवला होता. पूर्वी एका दुकानातून, एका खोक्यातून दोन वस्तू यायच्या, तेव्हा एकीवरून दुसरी ओळखणं बरोबर होतं. आता ते राहिलं नव्हतं. आणि त्यांना पहिल्यांदाच कळत होतं की ते तेव्हाही पूर्ण बरोबर नव्हतंच. फोडलेल्या वस्तूची खात्री व्हायची. वापरलेली वस्तू त्यांनी कधीच आतून पाहिली नव्हती. चाळीस वर्षं.

"आणखी दोन मागवू?" सुनेनं हळूच विचारलं.

"दोन आले तर कुठला फोडू?" मिस्त्री म्हणाले.

सुनेनं फोनवर तारखा बघितल्या. शनिवारच्या आत काही पोचणार नव्हतं. "मी मशीनशिवाय बसून रात्री काढीन," पार्सलबाई म्हणाल्या, "खुर्चीत झोप कुठं गाढ लागते?" "तीन महिने?" मिस्त्री ओरडले. त्यांचा आवाज एवढा चढलेला घरानं क्वचितच ऐकला होता. 

शेवटी मिस्त्रींनी खऱ्या अडॅप्टरची डबी उचलली, भिंगाखाली धरली आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेला नंबर फिरवला. पलीकडे तक्रार विभागातला माणूस होता. त्यानं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली.

"मला एक्केचाळीस नंबरशी बोलायचंय," मिस्त्री म्हणाले.

"कुठला एक्केचाळीस?"

"झाकणाच्या आत ज्याचा शिक्का आहे तो."

 तो माणूस एकदम वेगळ्याच सुरात म्हणाला, "तो तुम्हाला कसा दिसला?"

फोन तीन हातांतून फिरला. दर वेळी मिस्त्रींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं: लेक, मशीन, शनिवार, वजन. अखेर मागे यंत्रांचा खटखटाट ऐकू यायला लागला आणि एका बाईचा आवाज आला, जरा घाबरलेला. "हॅलो? मी एक्केचाळीस. माझ्या हातून काही चुकलं का?"

"नाही हो ताई," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना पुढचं बोलताच येईना. पार्सलबाईंनी फोन काढून घेतला आणि पाच मिनिटांत सगळं ठरवून टाकलं. पत्ता शेजारच्याच शहराच्या कारखान्यांच्या वसाहतीतला होता. बसनं दोन तास.

गुरुवारी दहाच्या सुमारास दोघं कारखान्याच्या फाटकाशी पोचली. एक्केचाळीस नंबरच त्यांना घ्यायला आली: चाळिशीची बाई, डोक्यावर निळी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तिनं आधी त्यांच्या हातातली पिशवीच मागितली. फोडलेला अडॅप्टर बाहेर काढून तिनं आपला शिक्का पाहिला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"अकरा वर्षं मारतेय," ती म्हणाली. "झाकण बसल्यावर परत कधीच बघितला नव्हता. मला वाटायचं, तो आतल्या आत पुसला जात असेल."

मग तिनं त्यांना आत नेलं. मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ कारखाने पाहिले होते, पण चाचणीची खोली पाहिली नव्हती. एका टेबलावर लोखंडी हात एकच प्लग अडॅप्टरमध्ये घालत होता आणि काढत होता, घालत होता आणि काढत होता. शेजारचा आकडा दहा हजारांच्या पुढे गेलेला. "हा कधीपासून चालू आहे?" "सोमवारपासून." दुसरीकडे लालबुंद तापवलेली तार प्लास्टिकच्या तुकड्यावर टेकवली जात होती. तुकड्यानं पेट घेतला, ज्योत वर आली, तार मागे सरली, आणि ज्योत आपोआप विझली. मिस्त्रींनी नकळत पार्सलबाईंचा हात धरला. तिसरीकडे तयार झालेला प्रत्येक अडॅप्टर पट्ट्यावरून येत होता, एका खाचेत बसत होता, घरच्या विजेच्या कितीतरी पट दाब एक सेकंद सोसत होता, हिरवा दिवा लागला की पुढे सरकत होता. हजारोंमधला एकही त्या खाचेला चुकवून जात नव्हता. एवढ्याशा वस्तूसाठी, जी लोक बॅगेच्या कोपऱ्यात कोंबतात आणि विसरून जातात, तिच्यासाठी इतकी माणसं, इतकी आग, इतके हजार धक्के. मिस्त्रींना देवळात गेल्यावर व्हायचं तसं झालं. आपण चपला काढायला हव्या होत्या की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

एक्केचाळीस नंबरची जागा पट्ट्याच्या मधोमध होती. उघडे अडॅप्टर तिच्यासमोर यायचे, ती एका नजरेत सांधे, फ्यूज, झडप बघायची, टाचणीनं झडप दाबायची, शिक्का मारायची. "तासाला दोनशे होतात," ती म्हणाली. "कधी कधी वाटतं, आज दाबली नाही झडप तर कुणाला कळणार आहे?"

"मग?"

"मग दाबते."

मिस्त्रींनी मान हलवली. खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढून त्यांनी तिला गाठीची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली, आणि तिची नजर मात्र पट्ट्यावरून हलली नाही, कारण अडॅप्टर येतच होते.

कारखान्यातून सुटी विक्री होत नव्हती. पण खोटा माल कंपनीला पुरावा म्हणून हवा होता. तो देऊन बदल्यात खरा द्यायची परवानगी तिनं साहेबांकडून आणून ठेवली होती. तिनं तयार अडॅप्टरचा एक ट्रे मिस्त्रींसमोर ठेवला. बारा होते. "काका, काकूंनी मला तुमची पद्धत फोनवर सांगितली. कुठलाही एक फोडा. वाइस तिकडे आहे, करवत पण आहे. मग उरलेल्यातला न्या."

पार्सलबाईंनी डोळे मिटायची तयारी केली.

मिस्त्रींचा हात ट्रेवर गेला आणि थांबला. त्यांना आपलं दुकान आठवलं. त्यांच्या हातच्या मोटारी लोक घेऊन जायचे, पाण्याच्या पंपाला लावायचे, पिठाच्या गिरणीला लावायचे, कळ दाबायचे. इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक म्हणालं नव्हतं की दोन मोटारी भरून द्या, एक मी फोडून बघतो. त्यांची न दिसणारी गाठ लोकांनी न बघताच मानली होती. आणि आपण आयुष्यभर कुणाचीच मानली नाही, हे त्या खटखटाटात उभं राहून त्यांना इतकं लख्ख कळलं की त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नको," ते म्हणाले. "एकच द्या. न फोडता."

पार्सलबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी ट्रेमधला एक उचलला, तळहातावर तोलला. "शहात्तर," त्या म्हणाल्या. एक्केचाळीस नंबर हसली. कारखान्याच्या काट्यानं साडेशहात्तर सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मिस्त्रींनी अडॅप्टरच्या गळ्याशी लाल दोऱ्याची गाठ मारली. "ही तर दिसतेय," पार्सलबाई म्हणाल्या. "दिसू दे," मिस्त्री म्हणाले.

शनिवारी विमान गेलं. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस. पार्सलबाई तिकडे पहिल्यांदा झोपायला गेल्या तेव्हा मिस्त्रींच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. "चालू केलं, दिवा लागला, आता ठेवते," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढचे आठ तास मिस्त्रींचा जीव टांगणीला होता. जेवण समोर तसंच राहिलं. सून दोनदा म्हणाली, "बाबा, जरा आडवे व्हा." पण तिकडे ती झोपलेली असताना इकडे आपण आडवं होणं त्यांना बरं वाटेना. ते बाकाशी बसून राहिले, समोर दोन तुकडे झालेला तो पहिला अडॅप्टर, निळा आकडा वर करून ठेवलेला. मधूनच टाचणीनं झडप दाबायचे. ती जागेवर यायची.

साडेसात वाजता फोनवर फोटो आला. आधी भिंत, तिच्यात अडॅप्टर, अडॅप्टरवर लाल गाठ. खाली दुसरा फोटो: मशीनचा पडदा आणि त्यावर हसरा चेहरा. मागोमाग पार्सलबाईंचा फोन. "आठ तास वीस मिनिटं. कूस पण बदलली नाही हो. अडॅप्टर हात लावून बघितला, गार आहे. चहा घ्या आता, मला माहितीय तुम्ही रोज काय बघायला यायचा."

मिस्त्रींना आधी हसू आलं आणि मग ते ढसाढसा रडले. सुनेनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी कारखान्याचा नंबर लावला. आता तो त्यांना पाठ झाला होता. दुसरी पाळी चालू होती, पण एक्केचाळीस नंबर थांबली होती; का थांबली होती ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

"ताई," मिस्त्री म्हणाले, "झोपली. आठ तास."

पलीकडे नुसता यंत्रांचा खटखटाट ऐकू येत होता. मग कुणीतरी कळ दाबली असावी, कारण तो खटखटाट मंदावला, मंदावला आणि पूर्ण थांबला. एवढ्या मोठ्या कारखान्यात एवढी शांतता होऊ शकते, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. त्या शांततेत तिचा आवाज आला, मोठ्यानं, त्यांच्यासाठी नव्हे, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी.

"ऐका गं," ती म्हणाली. "त्या काकू झोपल्या."